बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक : विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ घडविणारे जीवन

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे पालकांची रांग लागते. कंधार, देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर, अहमदपूर, औसा, निलंगा अशा गावांहून आलेले वडील हातात गुणपत्रिका व दाखला घेऊन उभे असतात. मुलगा किंवा मुलगी हुशार असते, गुणही चांगले असतात. प्रवेश मिळतो, फी भरली जाते, घरी पेढे वाटले जातात. खरी अडचण त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या मुलीने 'मुसल्लस' आणि 'जाविया' हे शब्द पाठ केलेले असतात. इथे प्राध्यापक ट्रँगल आणि अँगल म्हणतात, शेजारी बसलेली मैत्रीण त्यालाच त्रिकोण आणि कोन म्हणते. वस्तू एक, नावे तीन. मुलीला गणित येत नाही असे मुळीच नसते. परंतु गणित ज्या शब्दांत सांगितले जाते ते शब्द तिच्या ओळखीचे नसतात. घरी विचारावे तर विचारायचे कोणाला? वडील सातवीपर्यंत शिकलेले, आई मदरशात कुरआन शरीफ शिकलेली. दिवाळीच्या सुटीपर्यंत मुलगी अबोल होते, आणि एखाद्या दिवशी कॉलेजला जायचे नाही म्हणते.

हा प्रश्न आजचा नाही. विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत, सर्व विषयांची, महाविद्यालयीन दर्जाची पुस्तके कोठून आणायची, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच मराठवाड्यात, याच हैदराबाद संस्थानात विचारला गेला होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य खर्ची घातले त्यांत एक नाव ठळक आहे. ते नाव मौलवी अब्दुल हक. उर्दू जगत त्यांना बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेले असते. परंतु त्यांच्या उमेदीची कित्येक वर्षे औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) गेली, आणि त्यांनी मराठी भाषेवरही ग्रंथ लिहिला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

बालपण व अलीगढचे दिवस

मौलवी अब्दुल हक यांचा जन्म 1870 च्या सुमारास तेव्हाच्या मेरठ जिल्ह्यातील हापूड भागात झाला. घर सामान्य होते. उच्च शिक्षणासाठी ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले आणि 1894 साली तेथून बी. ए. झाले. त्या काळी आपल्या समाजात पदवीधर विरळा होते. इंग्रजी शिकणे म्हणजे धर्मापासून दूर जाणे, अशी समजूत घराघरांत होती. ती समजूत दूर करण्यासाठी सर सय्यद अहमद खान यांनी 1875 मध्ये अलीगढला शाळा काढली व तिचेच पुढे कॉलेज झाले.

अलीगढला तरुण अब्दुल हक यांना सर सय्यद प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. शिबली नोमानी यांच्यासारखे विद्वान तेथे अध्यापन करीत होते, तर प्रोफेसर आर्नल्ड यांच्यासारखे इंग्रज शिक्षक इस्लामी इतिहासाचा अभ्यास करीत होते. कॉलेज काढण्यापूर्वीच, 1864 मध्ये, सर सय्यद यांनी गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी स्थापन केली होती. इंग्रजीतील उपयुक्त ग्रंथ देशी भाषेत आणणे हे तिचे काम होते. शिक्षणाची इमारत उभी करायची तर विटांबरोबर पुस्तकेही हवीत, हा धडा अब्दुल हक यांनी अलीगढला घेतला असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही.

त्यांच्यापुढे आणखी एक उदाहरण होते. 1857 पूर्वीच्या दिल्ली कॉलेजात गणित, विज्ञान व इतर नवे विषय उर्दूतून शिकविले जात, आणि त्यासाठी भाषांतराची एक मंडळी काम करीत असे. मास्टर रामचंद्र यांच्यासारखे गणिती त्या कॉलेजशी निगडित होते. 1857 च्या वणव्यात ते कॉलेज उद्ध्वस्त झाले. मौलवीसाहेबांनी पुढे त्या कॉलेजचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला. मेलेल्या संस्थेचा इतिहास लिहिण्याचे कारण उघड आहे. जे एकदा घडले ते पुन्हा घडू शकते, असा त्यांचा विश्वास होता.

हैदराबाद व औरंगाबाद

पदवी घेतल्यावर नोकरीच्या शोधात मौलवीसाहेब दक्षिणेत आले. हैदराबादेत मदरसा आसफियाचे ते मुख्याध्यापक झाले. तेथेच 'अफसर' नावाच्या मासिकाचे संपादन त्यांनी केले. पुढे शिक्षणखात्यात त्यांची नेमणूक औरंगाबाद सुभ्याचे शाळा तपासनीस म्हणून झाली. त्या वेळच्या औरंगाबाद सुभ्यात औरंगाबाद, बीड, परभणी आणि नांदेड हे चार जिल्हे येत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते व तो जिल्हा गुलबर्गा सुभ्यात होता. उदगीर तर बिदर जिल्ह्यात होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला. तात्पर्य असे, की आज आपण ज्याला आपला भाग म्हणतो त्याची शैक्षणिक नाडी मौलवीसाहेबांनी शाळा तपासनीस या नात्याने जवळून पाहिली होती. खेड्यातील शाळा कशा भरतात, मास्तर काय शिकवितो, मुले काय समजतात आणि काय नुसते घोकतात, हे या कामात रोज डोळ्यांपुढे येते.

1912 साली त्यांच्यावर अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेच्या चिटणीसपदाची जबाबदारी आली. ही संस्था 1903 मध्ये स्थापन झाली होती. आर्नल्ड तिचे पहिले अध्यक्ष व शिबली पहिले चिटणीस होते. सुरुवातीचा उत्साह ओसरून संस्था तेव्हा नावापुरती उरली होती. मौलवीसाहेबांनी तिचे कार्यालय औरंगाबादेत आणले आणि दिवसा सरकारी नोकरी, रात्री संस्थेचे काम, असा क्रम सुरू केला. 1914 मध्ये त्यांचे उर्दू व्याकरण प्रसिद्ध झाले. 1921 पासून 'उर्दू' हे त्रैमासिक निघू लागले आणि 1928 पासून 'सायन्स' हे विज्ञानाचे त्रैमासिक. संस्थेने स्वतःचा छापखाना औरंगाबादेत उभा केला. ज्या काळी नांदेडला एकही कॉलेज नव्हते त्या काळी गोदावरीच्या खोऱ्यातील एका शहरातून उर्दूत विज्ञानाचे नियतकालिक निघत होते, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भाषांतराचा कारखाना

1917 साली हैदराबादच्या निजामांनी नव्या विद्यापीठाचे फर्मान काढले. त्यामागे सर अकबर हैदरी यांचे प्रयत्न होते. हेच उस्मानिया विद्यापीठ. त्याचे वैशिष्ट्य असे, की पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण उर्दूतून द्यावयाचे आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय म्हणून ठेवावयाचा. तोपर्यंत हिंदुस्थानातील बहुतेक विद्यापीठांत इंग्रजी हेच माध्यम होते. कल्पना मोठी होती; पण पुस्तके कोठे होती? इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, कायदा, गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र यांपैकी बहुतेक विषयांवर उर्दूत कॉलेजच्या दर्जाचे पुस्तक नव्हते. वर्ग सुरू करायचे तर आधी ग्रंथ हवेत. म्हणून 1917 मध्येच दार-उल-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, स्थापन झाला आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून मौलवी अब्दुल हक यांना बोलाविण्यात आले. 1919 मध्ये विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. मधल्या दोन वर्षांत पहिल्या वर्गांना लागणारी पुस्तके तयार करावयाची होती.

या विभागात देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आणली गेली. वहीदुद्दीन सलीम, अब्दुल माजिद दर्याबादी, 'उमराव जान अदा' या कादंबरीचे लेखक मिर्झा हादी रुसवा, आणि काही वर्षांनी कवी जोश मलीहाबादी, अशी नावे या विभागाशी जोडलेली आहेत. कवी, कादंबरीकार, धर्मशास्त्राचे जाणकार आणि विज्ञानाचे पदवीधर एकाच छताखाली बसून विद्यार्थ्यांची क्रमिक पुस्तके तयार करीत आहेत, हे चित्र नजरेसमोर आणावे.

सर्वांत अवघड काम परिभाषेचे होते. एखाद्या इंग्रजी शास्त्रीय शब्दाला उर्दूत काय म्हणावे? एका पक्षाचे मत होते की शब्द अरबीतून घ्यावेत, कारण जुने विज्ञान अरबीत आहे. अल्जेब्रा हा शब्द तरी कोठून आला? अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' यावरूनच. दुसरा पक्ष म्हणे की उर्दू ही हिंदुस्थानची भाषा आहे, तिच्या घडणीला मानवतील असेच शब्द करावेत, हिंदी प्रत्ययही वापरावेत. वहीदुद्दीन सलीम हे या दुसऱ्या मताचे होते व त्यांनी शब्द कसे घडवावेत यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मौलवीसाहेबांनी या वादात एक व्यवहारी मार्ग काढला. परिभाषा ठरविणाऱ्या समितीत त्या विषयाचा तज्ज्ञ असावा आणि भाषेचा जाणकारही असावा. एकट्या तज्ज्ञाने केलेला शब्द विद्यार्थ्याच्या तोंडी बसत नाही, आणि एकट्या भाषापंडिताने केलेला शब्द अर्थाला चुकतो. दोघांनी समोरासमोर बसून, भांडून, एक शब्द ठरवावा. भाषांतर झाल्यावर त्याची भाषा तपासणारा माणूसही वेगळा असे.

या पद्धतीने पुढील तीस वर्षांत शेकडो ग्रंथ आणि हजारो पारिभाषिक शब्द तयार झाले. वैद्यक व अभियांत्रिकी यांचे शिक्षणही पुढे उर्दूतून दिले गेले. मआशियात म्हणजे अर्थशास्त्र, नफ्सियात म्हणजे मानसशास्त्र, हरारत म्हणजे उष्णता, हे शब्द आपली उर्दू शाळेतील मुले आज सहज उच्चारतात. असे शब्द वर्गात रुळले त्यामागे अशा मंडळींची मेहनत आहे.

प्राचार्य, कोशकार आणि माळी

भाषांतर विभागाची घडी बसवून मौलवीसाहेब पुन्हा औरंगाबादेत रमले. 1920 च्या दशकात ते तेथील उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य होते. मराठवाड्यातील मुलगा मॅट्रिकनंतर शिकू इच्छीत असेल तर त्याला औरंगाबाद गाठावे लागे, आणि पदवीसाठी हैदराबाद. नांदेडची मुले मनमाड-हैदराबाद मार्गावरील मीटरगेज गाडीने जात. लातूरच्या मुलांना आधी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धरावी लागे. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर होता. अशा विद्यार्थ्याला निदान पुस्तक तरी त्याला कळणाऱ्या भाषेत मिळावे, हे काम किती मोलाचे होते ते यावरून कळेल.

1937 साली त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांसाठी त्याची लहान आवृत्तीही काढण्यात आली. कोश हा एकट्याच्या हातून होत नसतो. त्यासाठी अनेक विद्वानांचे साहाय्य घ्यावे लागले. वर्षानुवर्षे एकेका शब्दाचे अर्थ लावावे लागले. आजही उर्दू घेऊन शिकणाऱ्या घरांत हा कोश मानाने ठेवलेला असतो.

मौलवीसाहेबांनी जुन्या दख्खनी ग्रंथांनाही उजेडात आणले. मुल्ला वजही यांचा 'सबरस' हा सतराव्या शतकातील गद्यग्रंथ त्यांनी संपादून प्रसिद्ध केला. नांदेड-लातूरच्या आपल्या घरांत जी दख्खनी बोलली जाते तिला पुष्कळजण अशुद्ध म्हणून हिणवतात, आणि आपली मुले ती कॉलेजात बोलायला लाजतात. तिला तीन-चारशे वर्षांचे साहित्य आहे, हे मौलवीसाहेबांनी पुराव्यानिशी दाखवून दिले.

1933 मध्ये त्यांचा 'मरहठी जबान पर फारसी का असर' हा ग्रंथ निघाला. मराठीत फारसी-अरबी शब्द किती खोलवर मुरले आहेत याचा तो अभ्यास आहे. दप्तर, कागद, शाई, अर्ज, तारीख, हजेरी, शिफारस, जिल्हा, तालुका, या शब्दांवाचून आपल्या शाळेचा वा कचेरीचा एक दिवस तरी चालेल काय? उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला मराठी परकी वाटण्याचे कारण नाही, आणि मराठी मुलाला उर्दू परकी वाटण्याचेही नाही. दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच कचेरीत शेजारी-शेजारी वाढल्या आहेत.

मौलवीसाहेबांनी आपल्या काळातील माणसांची शब्दचित्रे लिहिली. 'चंद हमअसर' या नावाने ती प्रसिद्ध आहेत. त्यांत मोठमोठ्या विद्वानांच्या पंक्तीत त्यांनी औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातील नामदेव नावाच्या माळ्याला बसविले आहे. नामदेव अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील होता. त्याला मूलबाळ नव्हते; झाडांनाच तो मुलांसारखे वाढवी. एका वर्षी दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, बागा वाळल्या. नामदेव रात्री-अपरात्री लांबून गढूळ पाणी आणून आपल्या झाडांना घालीत राहिला आणि त्याची बाग हिरवी राहिली. शेवटी मधमाश्यांचे मोहोळ उठले तेव्हा इतर माळी पळाले, पण नामदेव आपल्या कामात गढलेला होता. माश्यांच्या दंशाने तो गेला. ज्याला अल्लाहने जेवढी पात्रता दिली तेवढी त्याने पूर्णत्वास न्यावी, यातच माणसाचा मोठेपणा आहे, असे मौलवीसाहेबांचे या चित्रणामागील मत दिसते. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. जात, धर्म व पद न पाहता काम पाहणारा शिक्षक कसा असतो ते त्यातून कळते.

उत्तरायुष्य

1930 मध्ये ते उस्मानिया विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक झाले. त्यानंतर काही वर्षांनी अंजुमनचे कार्यालय दिल्लीस गेले. त्या काळात भाषेचा प्रश्न राजकारणात ओढला गेला. 1936 साली नागपूरला भरलेल्या भारतीय साहित्य परिषदेत हिंदी, हिंदुस्थानी व उर्दू यांच्या नावावरून महात्मा गांधी व मौलवीसाहेब यांचा तीव्र मतभेद झाला. तथापि पुढच्याच वर्षी पाटण्यास डॉ. राजेंद्र प्रसाद आणि मौलवीसाहेब यांनी एकत्र बसून समान हिंदुस्थानी भाषा व तिच्या शब्दसंग्रहाविषयी संयुक्त निवेदन काढले. तो मार्ग पुढे चालला असता तर बरे झाले असते. पण काळ तसा नव्हता.

1947 च्या दंगलीत दिल्लीतील अंजुमनच्या कार्यालयाची लूट झाली. आयुष्यभर जमविलेल्या ग्रंथसंग्रहाची हानी सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पाहिली. त्यानंतर ते कराचीस गेले. तेथेही त्यांनी कॉलेजच काढले. 1949 मध्ये उर्दू कॉलेज सुरू झाले. 16 ऑगस्ट 1961 रोजी कराचीत त्यांचे निधन झाले व त्या कॉलेजच्या आवारातच त्यांचे दफन करण्यात आले. त्यांना संतती नव्हती. आपली मिळकत त्यांनी अंजुमनच्या कामी लावली. अलाहाबाद व अलीगढ या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. इकडे भारतात अंजुमन तरक्की-ए-उर्दू (हिंद) या नावाने संस्थेचे काम चालू राहिले.

त्यांच्या प्रयोगातील उणीव

थोर माणसाचे चरित्र सांगताना फक्त स्तुती करणे योग्य नव्हे. उस्मानियाचा प्रयोग भव्य होता, परंतु त्याला एक मोठी उणीव होती. हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य लोकांची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उर्दू ही थोड्यांची घरची व सरकारची भाषा होती. विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत ज्ञान मिळावे हे तत्त्व खरे मानले, तर नांदेडच्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाला ते मराठीत मिळावयास हवे होते. त्याला इंग्रजीच्या जागी उर्दू ही दुसरी परकी पायरी चढावी लागली. आपल्या मुलाची अडचण आपल्याला कळते. शेजाऱ्याच्या मुलाचीही तीच अडचण होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि विद्यापीठाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले. तीस वर्षांच्या श्रमाने तयार झालेली पुस्तके वर्गातून बाजूला पडली. ज्यांचा अभ्यास उर्दूतून झाला होता त्यांना नव्याने शब्द शिकावे लागले. म्हणजे आज ज्या अडचणीत आपली अकरावीची मुलगी सापडते, त्याच अडचणीत त्या वेळी अनेक विद्यार्थी एकदम सापडले. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. विषय आपल्या भाषेत समजून घेणे हा पाया; परंतु त्या पायावर दुसऱ्या व तिसऱ्या भाषेची भिंत उभी केली नाही तर वारा फिरताच घर उघडे पडते.

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. 1961 मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय व 1970 मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. 1998 मध्ये हैदराबादेत मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी स्थापन झाली. आता कॉलेज गाठण्यासाठी छोट्या रेल्वेने दोन दिवस प्रवास करावा लागत नाही. पुस्तके ग्रंथालयात आहेत, मोबाइलवरही आहेत. तरीही मुलगी अबोल का होते? कारण पुस्तक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये शब्दांचा जो पूल लागतो तो अजूनही प्रत्येकाला स्वतः बांधावा लागतो.

विद्यार्थी व पालकांसाठी

मौलवीसाहेबांच्या कार्यपद्धतीतून आपल्याला आजही उपयोगी पडतील अशा काही गोष्टी घेता येतात.

पहिली गोष्ट, शब्दांची वही. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून एक वही घालावी. तिच्यात तीन रकाने करावेत : इंग्रजी, मराठी, उर्दू. फोर्स, बल, कुव्वत. सेल, पेशी, खलिया. रोज दहा शब्द लिहिले तर वर्षाअखेर दोन-तीन हजार शब्द हाताशी येतात, आणि तेवढ्यावर अकरावीचा बहुतेक अभ्यास निभावतो. दार-उल-तर्जुमात जे काम पंडितांनी केले तेच काम आपण आपल्यापुरते करीत असतो.

दुसरी गोष्ट, एक चांगला कोश. गाइडे व अपेक्षित प्रश्नसंच दरवर्षी विकत घेतले जातात आणि परीक्षा संपली की रद्दीत जातात. कोश एकदा घेतला की भावंडांच्याही उपयोगी पडतो. शिक्षकांनी सांगितलेला शब्द घरी आल्यावर कोशात पाहण्याची सवय लागली तर घोकंपट्टी आपोआप कमी होते. एखादा परिच्छेद समजला की नाही हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे तो आपल्या घरच्या भाषेत, दख्खनीत का होईना, आईला समजावून सांगणे. आईला समजले तर तो आपल्याला समजला.

तिसरी गोष्ट, एकत्र बसणे. विषयाचा जाणकार आणि भाषेचा जाणकार समोरासमोर बसले तेव्हाच तेथे पुस्तक नीट झाले. उर्दू शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याने मराठी माध्यमातून आलेल्या मित्राबरोबर आठवड्यातून दोनदा तरी अभ्यासाला बसावे. एकाचे गणित पक्के असते, दुसऱ्याला शब्द माहीत असतात. दोघांचाही फायदा होतो आणि मैत्री वाढते ती निराळीच.

चौथी गोष्ट, पुस्तकांचे हस्तांतर. बारावी किंवा पदवी झालेल्या विद्यार्थ्यांनी आपली पुस्तके, वह्या व शब्दांची वही मोहल्ल्यातील धाकट्यांना द्यावी. एका मोहल्ल्यात एक कपाट आणि नावे लिहिण्यास एक रजिस्टर, एवढ्यावर पुस्तकपेढी सुरू होते. जो डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक किंवा वकील होऊन सुटीत गावी येतो त्याने आठवड्यातला एक तास त्या कपाटापाशी बसावे. मशिदीत जुम्म्याला भेटणारे लोक आहेतच. एकमेकांच्या मुलांची चौकशी तेथेही होऊ शकते.

पालकांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलाने प्रश्न विचारला आणि आपल्याला उत्तर आले नाही तर त्यात कमीपणा नाही. ज्याला येते त्याच्याकडे त्याला घेऊन जाणे हे पालकाचे काम आहे. मुलीला ग्रंथालयात बसून अभ्यास करू द्यावा. संध्याकाळी तिला आणायला भावाने किंवा वडिलांनी जावे. लग्नकार्यात हजारो रुपये सहज खर्च होतात, त्यांतून एका कोशाची किंमत वगळता येणार नाही काय? पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून शिक्षण बंद करू नये. नवी भाषा अंगवळणी पडण्यास काही महिने लागतात. तेवढा धीर आपण धरला पाहिजे.

मौलवी अब्दुल हक यांनी गोदावरीच्या या खोऱ्यात बसून एकेक शब्द गोळा केला. त्यांची बरीच पुस्तके आता वर्गात नाहीत, त्यांचा ग्रंथसंग्रह लुटला गेला, आयुष्याची संध्याकाळ त्यांना परक्या शहरात काढावी लागली. तरी दुष्काळातही लांबून पाणी आणून झाड जगविणाऱ्या नामदेवासारखे ते शेवटपर्यंत आपल्या कामाला लागून राहिले. आपल्या घरातील रोपे त्यांच्या काळापेक्षा सुदैवी आहेत. पाणी जवळ आहे. ते रोज घालण्याचे काम तेवढे आपल्याकडे आहे.